पाणी भरून ठेवलं आहे

फिलोमिनाबाईंच्या बाथरूमच्या छतावर
आमचा डाग आहे.
दर महिन्याच्या पहिल्या रविवारी स्टुलावर चढून
त्या पेन्सिलीने त्याची कड आखतात,
बाजूला तारीख.
मला खाली बोलावून दाखवलं तेव्हा
मार्चची रेघ फेब्रुवारीच्या बाहेर गेली होती,
एप्रिलची मार्चच्या.
"भांडण नाही हां," त्या म्हणाल्या,
"फक्त तुम्हाला ठाऊक असावं."

मग माणसं येऊ लागली.
पहिल्याने चप्पल काढायच्या आधीच भाव सांगितला.
दुसऱ्याने भिंतीवर लाल किरण मारला
आणि मोबाइलवर आमचं बाथरूम दाखवलं:
पांढरा टब, कुंडीत झाड,
खिडकीबाहेर समुद्र.
आमच्या चारकोपच्या खिडकीबाहेर डक्ट आहे, त्यात कबुतरं.
जागा चार बाय सहा. टब आत गेला तर माणूस बाहेर.
तिसरा भोईट्यांच्या ओळखीचा.
निम्मे पैसे आधी, आणि, "ताई, टेन्शनच घेऊ नका."
भोईट्यांकडे जाऊन आले.
त्यांच्या कमोडला गणपतीपासून झाकण नाही.

मी वही घातली. नावं, भाव, कोण किती उशिरा आलं.
हे म्हणाले, "एवढी चौकशी
तुझ्या वडिलांनी माझीसुद्धा केली नव्हती."
"केली असती तर," म्हटलं,
आणि कॅलक्युलेटर पुढे ओढला.

पागधरे अर्धा तास उशिरा आले, पण फोन करून.
रुपयाचं नाणं मागितलं.
उकिडवे बसून एकेक टाइल वाजवत गेले,
कान खाली, डोळे मिटलेले.
"इथे भरीव. इथे पोकळ. इथे पण."
नाणं धुऊन परत दिलं.
मग विचारलं,
"अकरा दिवस तुम्ही आंघोळ कुठे करणार?"

वहीत तो रकानाच नव्हता.

पहिल्यापेक्षा अठरा हजारांनी महाग.
लाइटबिलाच्या पाठीवर लिहून दिलं,
खाली, काय करणार नाही तेही:
खिडकीचं काम माझं नाही, दुसरा बघा.

गुलाबी टाइल्स फुटल्या,
ज्यांच्यावरून आम्ही दोघं दुकानात अबोला धरला होता.
रॅबिटच्या एक्केचाळीस गोण्या जिन्याने उतरल्या,
दोन ते चार ठोकाठोक बंद, सोसायटीचा नियम.
आणि आम्ही बादली-टॉवेल घेऊन खाली,
फिलोमिनाबाईंकडे.
डोक्यावर साबण, वर बघावं
तर आमचाच डाग.
अकराचे चौदा दिवस झाले.
पण चौदा होणार हे नवव्या दिवशीच कळवलं होतं.

टाइल्स बसवायच्या आधी
त्यांनी ट्रॅपमध्ये बोळा घातला,
घोट्याएवढं पाणी भरलं,
दाराला दोरी बांधली.
"दोन दिवस कुणी आत जायचं नाही."

दुसऱ्या दिवशी रविवार होता, बोलावलं नव्हतं,
तरी धुतलेला शर्ट घालून आले.
आम्ही तिघं त्या चार बाय सहात,
माना वर.
कुणी बोललं नाही.
फिलोमिनाबाई स्टुलावर चढल्या,
बोट फिरवलं, बोट हुंगलं, पेन्सिल टेकवली.
नवी रेघ जुन्या रेघेवरूनच गेली.

मी पर्स उघडली.
"आज नको," पागधरे म्हणाले,
"अजून एक रात्र जाऊ दे."
आणि वर दोरी घट्ट आहे का ते बघायला गेले.