शीळ न घालणारा

विश्रामबागेत, शाखेच्या वरच्या मजल्यावर
रात्री साडेबाराला
मी एका आलेखाकडे बघत बसते.
हिरवी रेघ माणसांची.
करडी रेघ माणसांसारखं वागणाऱ्या कशाची तरी.

करडं आज चढतंय.
कुठूनसे, बहुधा कुठूनच नाही असे,
सेकंदाला दोनशे हात दार लोटतात,
प्रत्येकाकडे चोरलेल्या पासवर्डांचा जुडगा,
एक लागली नाही की दुसरी किल्ली.
दार हलत नाही. आवाजही होत नाही.
खाली रस्त्यावरून गुरखा काठी आपटत जातो,
शीळ घालतो, आपण आलोय हे चोराला कळवतो.
आमचा राखणदार तसलं काही करत नाही.

पूर्वी आम्ही खातेदारांनाच विचारायचो,
तुम्ही यंत्र नाही ना? मग झेब्रा क्रॉसिंग दाखवा.
हळदपेठेतले तोलाईदार पायगोंडा अण्णा
चष्मा पुसून पुसून नऊ चौकोन बघायचे
आणि शेवटी नातवाकडे फोन द्यायचे,
"बघ रे, मी माणूस हाय का ते."

आता कुणी विचारत नाही.
अण्णांचं बोट काचेवर येतं, मागं सरकतं,
सातावर जायचं ते आठाशी घुटमळतं,
आणि त्या घुटमळण्यावरूनच
आत कुणीतरी ओळखतं, येऊ द्या, आपलेच आहेत.
अण्णांना पत्ता नाही.

तपासणीला आलेले साहेब फार हळू बोलत होते.
म्हणाले, कृष्णेला पूर आहे, वीज नाही,
आणि त्याच रात्री हल्ला झाला,
तर सेवा किती वेळात उभी?
मी लिहून दिलं, दोन तास.
त्यांनी पुरावा मागितला.
जे घडलं नाही त्याचा पुरावा द्यायचा
म्हणजे चारशे पानं.
मारुती चौकातली जुनी शाखा ती.
त्यांच्या खुर्चीमागं, भिंतीवर
एकोणीस सालच्या पाण्याची खूण होती,
रंग दोनदा दिला तरी वर येते.
आयर्विन पुलाशी चाळीस फुटांना इशारा,
पंचेचाळीसला धोका, हे इथं पोरासोरांना पाठ.
करड्या रेघेचा धोका किती फुटांवर
ते मी एकटी ठरवते,
खरं सांगायचं तर पुष्कळदा अंदाजानं.

गेल्या मंगळवारी मौला शिकलगार आला.
एकतीस वर्षं आमच्या दाराशी बंदूक घेऊन उभा असायचा,
चालीवरून माणूस ओळखायचा.
निवृत्तीनंतर मिरजेला असतो.
फोन माझ्यापुढं धरून म्हणाला,
"ताई, तीन दिस झाले, आत घेईना.
काय चुकलं माझं?"

मी नोंदी उघडल्या.
काहीच चुकलं नव्हतं. तेच तर.
एकाही अंकावर बोट अडखळलं नव्हतं,
दोन टिचक्यांमधलं अंतर दरवेळी तेवढंच,
पेन्शन जमा झाली का बघायला
रोज पहाटे बरोबर पाच दहाला.
चापावर नाही, चापाजवळ
एकतीस वर्षं स्थिर धरलेलं बोट ते.
राखणदारानं राखणदाराला
यंत्र समजून परत लावलं होतं.

मी सांगितलं त्याला. वाटलं, चिडेल.
हसला, मग जरा वेळ गप्प बसला.
"खरंय म्हणा. मीबी एकदा
चेअरमनच्या जावयाला उन्हात उभं केलं हुतं.
चाल नवी हुती."
मग पडद्याकडं बोट करून,
"ह्याला रातीचा च्या देता का न्हाई?"

अडसर काढला.
कारण लिहायची रीत आहे, लिहिलं, चुकीचा नकार.
चारशे पानांत माणसाचं नाव असलेलं
तेवढं एकच पान.

आज पहाटे पाच दहाला मी जागीच होते.
हिरवी रेघ एका माणसानं वर गेली.
म्हणजे गेली असणार,
दिसण्याएवढी नाही.