ओढा जागेवर आढळला नाही

मोजणीच्या अर्जावर दोघांच्याही सह्या होत्या,
रावजी पडवळ आणि त्यांचे चुलत बंधू गणू पडवळ,
मौजे कातळवाडी, तालुका गगनबावडा.
जुन्या नकाशात निळ्या शाईची एक वळवळ
आणि खाली कुणा कारकुनाच्या घाईच्या अक्षरात:
हद्द ओढ्याच्या मध्यातून.

मी कोल्हापूरहून पहाटेच्या एसटीनं निघाले,
यंत्राची पेटी मांडीवर.
कळ्याला चहा, साळवणला ड्रायव्हरची बिडी.
वर मार्चचं ऊन, सडा तव्यासारखा तापलेला.

ओढा नव्हता.
ओढ्याची जागा होती.
दोन्ही काठ होते, हात पसरून उभे,
मधे करवंदीच्या जाळ्या, गव्यांचं वाळलेलं शेण,
आणि गोटे.
मुठीएवढे, डोक्याएवढे, सगळे गोल.
पाण्याशिवाय एवढा वेळ
दगडाला कोण देतं?

धाकू येडगे म्हशी हाकत आला. म्हणाला,
"बाई, ह्यो गेला खाली. कोकणात."
"कधी?"
"माज्या आज्याच्या आज्यानं बी बगितलं न्हाई."

त्यानं मला कड्याच्या टोकाशी नेलं.
पलीकडून एक घळ वर चढून आली होती.
चोरपावलांनी म्हणावं, तर पावलंही नव्हती;
वर्षाला तांदळाच्या दाण्याएवढी.
पाणी खाली जातं,
ओहळ मात्र खात खात वर येतो,
हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं.
त्या बिननावाच्या ओहळाकडे उतार होता.
आमच्या ओढ्याकडे नुसता हक्क.

एका पावसाळ्यात मधली भिंत वीतभर उरली असेल.
पुढच्या पावसाळ्यात नसेल.
त्या रात्री पाणी काटकोनात वळलं
आणि कुणी पंचनामा केला नाही.
असलाच साक्षीला, तर एखादा खेकडा.

खाली पूर्वेला दरी अजून तेवढीच ऐसपैस,
तिच्यातून आता झिरपतं ते पाणी म्हणजे
थोरल्याचा सदरा घातलेलं पोर,
बाह्या लोंबतात.
तेच पुढं कुंभीला मिळतं, कुंभी पंचगंगेला,
आणि घाटावर धुणं आपटणाऱ्या बायांना
माहीत नसतं की नदी थोडी कमी आहे.
मलाही नव्हतं.

मी तिपाई रोवली. सवयीनं पावलं मोजली
ओठातल्या ओठात: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु...
"ह्ये कंच्या भाषेत?" धाकूनं विचारलं.

अण्णा चिकोडीकडचे. रागवायचे कन्नडात,
आई उत्तर द्यायची मराठीत.
मी गंगावेशीत वाढले, मराठीत भांडले,
मराठीत नोकरीचे अर्ज लिहिले.
अण्णांचं बोलणं कुठल्या वळणावर सुटलं, आठवत नाही.
कुणी हिसकावलं नाही.
उतार इकडे होता, एवढंच.
शेवटी दवाखान्यात ते काहीतरी लांबलचक सांगत राहिले
आणि मी "हो अण्णा, हो" म्हणत राहिले,
निम्मं न कळता.
आकडे तेवढे उरले. दहापर्यंत.

दुपारी रावजी आणि गणू आले,
सातबारा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला.
एकमेकांकडे न बघता एकाच खडकावर टेकले.
"मग हद्द कंची धरायची, मॅडम?"
मी कोरड्या पात्राच्या मधोमध फक्की टाकली.
करवंदीतून रेघ नीट गेलीच नाही.

अहवालात लिहिलं: ओढा जागेवर आढळला नाही.
पुढचा रकाना होता, प्रवाहाची दिशा.
पेन धरून बराच वेळ बसले.
नकाशा उडू नये म्हणून वर एक गोटा ठेवला होता,
उन्हानं तापलेला.
मी त्याच्यावर हात ठेवला आणि
नीरु, आठवलं.
पाण्याला अण्णा नीरु म्हणायचे.
हा अकरावा.