वरची बाजू

माझा धंदा काटकोनाचा.
तुर्कू शहरात, नदीकाठच्या गल्लीत, चाळीस वर्षं चित्रांच्या चौकटी केल्या.
सांध्यात केसाएवढी फट राहिली
तर रात्री झोप नाही.

आउने यायची ती चित्र काखोटीला मारून,
बोटांच्या पेरांत वाळलेला निळा.
म्हणायची, यात माझा हात नाही, ओइवा.
डबा टांगला, भोक पाडलं,
झोका दिला आणि बाजूला झाले.
मी म्हणालो, भोक केवढं?
तीन मिलिमीटर, ती हसली,
सहाचं करून पाहिलं होतं. फार सांडतं.

कालेर्वोला फळी हवी होती,
पाइनची, गाठीगाठींची.
तिच्यावर पाच रेघांचा पातळ कागद,
जिथे गाठ तिथे स्वर;
ठसठशीत गाठ लांब, बारीक गाठ तुटक.
मी काहीच लिहीत नाही, म्हणाला, झाड लिहितं.
मी ऐकून घेतलं.
पाच फळ्यांतली त्याला दिली ती
जी माझ्या कशाच्याच उपयोगाची नव्हती.
त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
आणि झाडाला तरी कुणी विचारलंय,
फांदी इथेच का काढलीस?
उजेड त्या अंगाला असेल.
नाहीतर शेजारचं झाड पडलं असेल एखाद्या वादळात.

कार्यक्रम मार्चमध्ये, शाळेच्या व्यायामशाळेत.
एकवीस माणसं, ओले बूट.
सातव्या गाठीला चेलोची तार तुटली,
फाट्‌कन.
संध्याकाळभरातला सगळ्यात खरा आवाज.
मी टाळी वाजवणार होतो,
तेवढ्यात कालेर्वो लालबुंद होऊन उठला,
पुन्हा, म्हणाला, पहिल्यापासून.
ही तार माझ्या गाठींत नव्हती.

मागे भिंतीवर आउनेचं चित्र होतं.
त्याचा हूक ठोकताना, आदल्या दिवशी,
मी विचारलेलं, वर कुठली बाजू?
फासा टाकू, ती म्हणाली. एक ते चार, चार बाजू.
पाच-सहा आले तर पुन्हा.
फासा टेबलावरून उडाला,
टणटणत कपाटाखाली गेला.
दान पडलं, ते दिसलंच नाही.
ओकचं कपाट, चार माणसांचं.
आम्ही पालथे पडून पाहिलं. काळोख, भुसा.
मग ती उठली, गुडघे झटकले,
जरा थांबून म्हणाली, ही.
सगळ्यात जाड ओघळ तिने खाली घेतला होता,
आपण भरलेली बादली ठेवतो तसा.

आउने जाऊन अकरा वर्षं झाली.
कालेर्वोला आता डाव्या कानाने ऐकू येत नाही,
भेटला की उजवा पुढे करतो.

या आठवड्यात दुकान रिकामं करतोय.
चार पोरं लागली, कपाट हललं.
फासा होता.
जमिनीच्या दोन फळ्यांमधल्या फटीत
कडेवर उभा,
ना दोन, ना तीन.

ती जमीन मीच घातली होती,
पहिल्या वर्षी,
गुण्या लावून.