मांडवाची तार

शेपटीच्या मुळाशी, खालच्या अंगाला
दोन बोटं ठेवली की गाय बोलते.
मोहाडीला, हौशीराम गांगुर्डेंच्या गोठ्यात
टिकली बोलत होती
मिनिटाला एकशे बारा.
एरवी सत्तर म्हणजे पुष्कळ.

पुढचे कोपर बाहेर काढून उभी,
पाठीची कमान, उताराला पाय टाकेना,
आणि मानेची शीर टच्च,
फवाऱ्याच्या नळीएवढी.
"डॉक्टरीणबाई, रक्त जास्त झालंय का अंगात?"
जास्त नाही हो. परतीचं अडलंय.

"परतीचं म्हणजे?" हे हर्षालीनं विचारलं,
बारावीला आहे, पिंपळगावला जाते.
ओल्या जमिनीवर काडीनं मी चार खण काढले.
उजवीकडचे दोन: अंगभर फिरून दमलेलं रक्त
इथं येतं, इथून शेजारी फुफ्फुसांत जातं.
जवळचं काम, म्हणून भिंत पातळ.
डावीकडचे दोन: ताजं होऊन आलेलं
इथून खुरापर्यंत, शिंगाच्या बुडापर्यंत, कासेपर्यंत.
ही भिंत जाड, माझ्या अंगठ्याहून जाड.
एक लिटर दुधामागं
चारशे लिटर रक्त कासेतून जातं, माहितेय?
हौशीरामांनी डेअरीचा भाव मनात धरला असावा.
काही बोलले नाहीत.

पण अंगात रक्त किती? फार तर पस्तीस लिटर.
मग चारशे येतं कुठून?
हर्षाली काडीकडे बघत राहिली.
"तेच," ती म्हणाली. "तेच तेच."

आपली गंगा त्र्यंबकहून निघते ती जाते.
वळून रामकुंडावर येत नाही पुन्हा.
रक्ताला नदी म्हणणारे म्हणोत,
मी गाईंच्या शेपट्या धरून तीस वर्षं काढली,
मला ती उपमा पटत नाही.

नळी छातीला लावली, डाव्या कोपरामागं.
लब नाही, डब नाही.
अर्ध्या हंड्यात पाणी हिंदकळावं तसं काहीतरी,
लांबून.
तेव्हाच कळलं.

द्राक्षाच्या मांडवाची तार,
दुरुस्तीच्या वेळी बांधावर पडलेली,
कुट्टीच्या यंत्रात तुकडा होऊन गव्हाणीत आलेली.
गाय चावून खात नाही, आधी गिळते.
तार जाऊन बसते जाळीच्या पोटात,
आणि त्या पोटाच्या पुढं, एका पडद्यापलीकडं,
हृदय.
पोट आवळलं की तार सुतभर पुढं.
हृदयाच्या पिशवीत पू साचतो,
ते फुलू शकत नाही,
दाराशी आलेलं रक्त दाराशीच उभं राहतं.
मानेत दिसत होतं ते हे.

माझ्या बॅगेत बोटाएवढं लोहचुंबक होतं.
उरलेल्या दोघींना गिळायला दिलं.
टिकलीला द्यायला दोन महिने उशीर झाला होता.
हे मी त्यांना सांगितलं, सरळ.

पाचव्या दिवशी फोन आला.
नाल्याच्या कडेला तिला उघडली.
हृदयाभोवती पिवळट साका,
भाकरीवर लोणी थापून भाकरी उचकटावी तसा.
आत तार. पावणेतीन इंच, एका टोकाला गंज.
हौशीरामांनी ती हातात घेतली,
वाकवून पाहिली.
"बारा गेजची," म्हणाले. "मीच आणली होती."

मग हर्षालीला मी दाखवलं ते हाड.
हो, गाईच्या हृदयात हाड असतं,
मोठ्या धमनीच्या बुडाशी, झडपांना धरून.
आणि तिथंच, धमनी सुरू होते न होते तोच,
दोन वाटा मागं वळतात हृदयाच्याच अंगात.
सगळ्यांना पाठवायच्या आधी
ते स्वतः घेतं.

"बरोबर आहे," हौशीराम म्हणाले,
"रांधणारीनं आधी जेवावं."
हर्षालीची आई पदराचं टोक नाकाला लावून
मागं उभी होती.
तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

ते हाड पोरीनं ठिबकच्या नळीखाली धुतलं,
कंपासपेटीत ठेवलं.
मी हात धुवून गाडीकडे निघाले तर
ती गोठ्यात, कालवडीच्या शेपटीखाली
दोन बोटं घालून, मोबाईलच्या घड्याळाकडे बघत
मोजत होती. एकतीस, बत्तीस,
कालवडीनं शेपटी झटकली.
आकडा चुकला.
पुन्हा पहिल्यापासून.