मागचा डावा दरवाजा

ट्यूबलाइटचं ऐकू नकोस, झुबेर.
ती लग्नातल्या थोरल्या मावशीसारखी,
सगळ्यांना म्हणते, किती छान दिसतोस.
तिचा उपयोग एवढाच:
बॉनेटमध्ये तिचं प्रतिबिंब बघ,
कड दोरीसारखी ताणलेली असली तर ठीक,
थरथरली तर समज, रंग सुकताना
संत्र्याची साल होऊन बसलाय.

बाकी सगळं या मुठीएवढ्या दिव्याचं काम.
दिवा स्थिर ठेव, डोकं हलव.
हे बघ, उजेडाभोवती कोळ्याचं जाळं.
हे कुणी खिळ्यानं ओढलेलं नाही.
हे मालकानं रोज सकाळी मायेनं पुसलंय,
कोरड्या फडक्यानं, धुळीसकट,
सात वर्षं.

काळ्या गाडीला पांढरा दिवा, पांढरीला पिवळसर.
रात्री रस्त्यावरच्या सोडियमखाली सौदा करू नये,
तिथे हिरवा आणि तपकिरी सख्खे भाऊ असतात.
आणि चकाकी फारच असली
तर आधी स्पिरिटचा बोळा फिरव.
मेण उतरलं की गाडी खरं बोलायला लागते.

एवढं सांगत होतो मकरपुऱ्याच्या शेडमध्ये,
तेवढ्यात कीर्तीभाई गाडी घेऊन आले.
कंपनीच्या कागदावर रंग: वाइन रेड.
गुजरातेत आम्ही त्याला डाळिंबी म्हणतो.
'दळवीकाका, एकदम ओरिजिनल छे,
खाली जरा जोई आपो, काले पैसा आपवाना छे.'

छताखाली सगळे दरवाजे एका रंगाचे.
दिव्याखालीही.
मी म्हटलं, पाच वाजू द्या.

पाचला पश्चिमेच्या पत्र्यातून ऊन आत येतं,
आडवं, फुटपट्टीसारखं.
त्यात मागचा डावा दरवाजा हळूच
पुढच्यापासून वेगळा झाला.
तेवढासाच. हा दाणा, तर तो साल.
जवळ गेलो. हँडलखाली,
जिथे गनचा हात संपतो, तिथे
नखातल्या चंद्राएवढी एक जाड कोर.
बोट फिरवलं. चष्मा काढला. पुन्हा फिरवलं.

गन उचलताना मनगट आत वळतं
ही खोड अख्ख्या बडोद्यात एकाच माणसाला.
मोहित्यांनी तिच्यापायी दोनदा पगार कापला होता.

मग आठवलं.
दांडिया बाजारातलं जुनं गॅरेज, लाइट गेलेली,
गिऱ्हाईक दारात घड्याळ बघत उभं,
सकाळी त्यांना डभोईला वरात न्यायची होती.
मोहित्यांच्या स्कूटरचा हेडलाइट लावून
मी शेवटचा हात मारला,
आणि त्या उजेडात, शपथेवर सांगतो,
दरवाजा आरशासारखा दिसला होता.

'शुं थयुं, काका?'
झुबेर माझ्याकडे बघत होता,
हातातला दिवा चालूच, भर उन्हात.

दरवाजा पुन्हा रंगवलेला आहे, मी म्हटलं.
'कोणे कर्युं?'

ऊन तोवर सरकून काचांवर चढलं होतं,
खालचे दोन्ही दरवाजे
परत एकमेकांत मिसळायला लागले होते.
अजून दोन मिनिटं खोकत राहिलो असतो
तर विचारण्यासारखं काही उरलंच नसतं.

मीच, म्हटलं.

कीर्तीभाई आधी हसले, मग हसायचे थांबले,
मग दहा हजार कमी करून मागायचे की पंधरा
यासाठी कुणालातरी फोन लावत बाहेर गेले.

मी फॉर्म भरला:
मागचा डावा दरवाजा, जुनं रंगकाम.
पत्रा सरळ. लांबी भरलेली नाही.
रंगाचा मेळ: संध्याकाळी कमी.
काम: बरं.

झुबेरनं वाचलं. पेन मागितलं.
आणि 'बरं'च्या आधी, कोपऱ्यात, बारीक अक्षरात
'लाइट नसताना' असं लिहून
दिवा बंद केला.