शनिवारची सरहद्द

तिकीट अडीचशे पेसो. जेवण वेगळं.
रात्री नऊला मी, एलिहिओ, पोलीस होतो:
भाच्याची टोपी, उसना भोंगा
आणि अ‍ॅरिझोनाच्या कोठडीत शिकलेल्या शिव्या, अस्सल.

मेक्सिको सिटीची पोरं चिखलातून पळतात,
मक्यात दडतात, तोंड दाबून हसतात.
खरी सीमा इथून तीनशे कोस.
कुणाचा तरी बूट गाळात रुततो;
सकाळी एर्मेलिंदा तो धुऊन कुंपणावर वाळत घालेल.

एकीनं विचारलं, "तिकडे अस्संच असतं?"
म्हटलं, "चंद्र असाच असतो."

पहाटे शेकोटीपाशी मोजणी.
सत्तावीस गेले, सत्तावीस आले.
मी पुन्हा मोजतो.
कॉफी निवते, बस भोंगा देते,
मी पुन्हा मोजतो.

आम्ही नऊ निघालो होतो.