दोन बोटं डिझेल

डॉक्टर रेन्विक कसे होते, असं विचारता.
मी जनरेटरवाला. मला त्यांची पाठच जास्त ठाऊक:
घामानं चिकटलेला सदरा,
मानेवर बसलेली माशी,
आणि हात आत गुंतलेले, म्हणून
"कास्वेका, तेवढी माशी."

स्कॉटलंडातनं आले, झांबेझी जिथं ओढ्याएवढी असते तिथं राहिले.
आमची भाषा चाळीस वर्षं बोलले, चुकतच बोलले.
सूर जरा घसरला की आमच्यात शब्दच वेगळा होतो.
रविवारी छातीवर हात ठेवून सांगायचे,
देव तुमच्या काळजात राहायला येतो.
आम्हाला ऐकू यायचं, तुमच्या मडक्यात.
कुणी दुरुस्त केलं नाही.
न्याकातोमा म्हातारी तर
घरी जाऊन मडकं घासून ठेवायची.

कापण्याआधी ते थांबत.
डोळे मिटत नसत, रोग्याच्या श्वासावर असत.
दोन ओळींची प्रार्थना, मग "सुरी."
तेवढ्यात मी टाकीत काठी घालून डिझेल मोजून यायचो.
त्यांच्या देवावर माझा विश्वास नव्हता.
मशीनवर तर अजिबातच नव्हता.

मग ते वर्ष आलं.
सरहद्दीपलीकडच्या लढाईतनं माणसं
झोळीत माणसं घालून आणू लागली.
सुरुंगानं पाय नेलेली पोरं,
कसाव्याच्या शेतात गेलेल्या बाया.
एका रात्री सात जण.
पाचवा टेबलावरच गेला. दहा-अकराचा असेल.
मूठ उघडली, तर आत बेचकीचं रबर.

डॉक्टर बाहेर पिंपाशी हात धूत राहिले.
पाणी संपलं तरी चोळत होते.
परत आले. सहावा टेबलावर होता.
नेहमीसारखे थांबले,
आणि शब्द आला नाही.
पाल चुकचुकली. चिलोम्बो नर्स
फरशीकडं बघत राहिली.
किती वेळ, कोण जाणे.
मग माझ्याकडं न वळता म्हणाले,
"कास्वेका, आज तू म्हण."

मला काय येत होतं?
मी म्हणालो,
टाकीत दोन बोटं डिझेल आहे.
हा धरून अजून दोघं आहेत.
तेवढं पुरू दे.

"आमेन," डॉक्टर म्हणाले, आणि सुरीसाठी हात पुढं केला.

नाही पुरलं.
सहाव्याचे टाके घालता घालता मशीन खोकलं, बंद पडलं.
सातवीला मी कंदील धरला, उजाडेपर्यंत.
खांदा तेव्हापासून असा आहे.
ती आता बाजारात सुकी मासळी विकते,
कुबडी टेकून,
आणि सुटे देताना हमखास फसवते.

त्या रात्रीबद्दल आम्ही कधी बोललो नाही.
फक्त पुढं कधी कधी प्रार्थनेआधी
ते विचारायचे, "किती बोटं?"
मी सांगायचो. मगच ते सुरू करायचे.

त्यांना इथंच पुरलं, दवाखान्यामागं.
चार फुटांवर मुरूम लागला,
पहार मीच चालवली, दुसऱ्याला दिली नाही.
आता छपरावर सूर्याच्या काचा आहेत.
एन्डोलाहून आलेली नवी डॉक्टरीण हुशार आहे,
हात झपझप चालतो तिचा.
जनरेटरखाली कोंबडी अंडी घालते.

तरी संध्याकाळी मी झाकण काढतो, काठी घालतो.
कोरडी निघते.
तेही मी मोठ्यानं सांगतो, मुरुमाकडं तोंड करून.
बायको म्हणते, म्हातारा बिघडला.
म्हणू दे.
घरचं मडकं हल्ली
मीच घासतो.